मुक्या जिवाचे देणे

घरात कुत्र्याचे पिल्लू आणताना त्याचे नाव काय ठेवावे, याचा आपण विचार करतो. त्याचे हाड मोडले तर काय करावे, याचा करीत नाही. मुलांचा हट्ट असतो, पिल्लू गोजिरवाणे असते आणि गावठी असल्यास त्याला पैसाही पडलेला नसतो. फुकट आलेल्या या जिवाचे एक दिवस बिल येते. त्या बिलासमोर उभे राहिल्यावर जो प्रश्न पडतो, तो वरवर पैशाचा वाटला तरी मुळात नीतीचा आहे. एका मुक्या प्राण्यावर माणसाने किती खर्च करावा?

हा प्रश्न आमच्या घरी आला तो अपघाताच्या रूपाने. चार महिन्यांच्या पिल्लाच्या मागच्या पायावरून रिक्षेचे चाक गेले आणि मांडीचे हाड मोडले. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सगळे नीट समजावून सांगितले. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे जखडले तरच प्लास्टरचा उपयोग होतो. कुत्र्याच्या कमरेचा सांधा तसा जखडता येत नाही, म्हणून मांडीच्या हाडाला प्लास्टर सहसा चालत नाही. राहिले तीन मार्ग. शस्त्रक्रिया करून हाडात सळई किंवा पट्टी बसवणे. पाय काढून टाकणे. अथवा पिंजऱ्यात ठेवून हाड जसे जुळेल तसे जुळू देणे, ज्यात पाय वाकडा राहण्याचा आणि दुखणे मागे लागण्याचा धोका. पहिल्या मार्गाचा खर्च तपासण्या व औषधे धरून सुमारे ४०,००० रुपये होता.

त्या रात्री घरात दोन पक्ष पडले. आजी म्हणाली, “बाळांनो, कुत्रा तो कुत्रा. एवढ्या पैशांत एखाद्या गरिबाच्या पोरीची वर्षाची फी होईल.” नात म्हणाली, “पण आजी, तो आपला आहे ना?” आम्ही पुष्कळ वेळ गप्प होतो, कारण दोघींचेही म्हणणे खोडता येत नव्हते.

पुढे लक्षात आले की या दोघी ज्यावर भांडत होत्या, त्याचा विचार ख्रिस्तसभेनेही केलेला आहे. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांविषयी काही परिच्छेद आहेत. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी माणसाने दयेने वागले पाहिजे, असे सांगून तेथे आसिसीच्या संत फ्रान्सिसची आठवण दिली आहे. पुढे २४१८ क्रमांकाच्या परिच्छेदात दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मनुष्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही; आणि जो पैसा आधी माणसांच्या दुःखनिवारणासाठी जायला हवा, तो प्राण्यांवर खर्च करणेही शोभत नाही. म्हणजे नात आणि आजी दोघीही एकाच परिच्छेदात बसलेल्या!

मात्र आजीच्या मुद्द्याचा वापर जपून केला पाहिजे. गरिबांची आठवण आपल्याला नेमकी कुठे होते? लग्नाच्या मांडवात होत नाही, बॅण्डवाल्याशी बोलणी करताना होत नाही, घराच्या दर्शनी भिंतीला महागाच्या फरशा लावतानाही होत नाही. ती जनावरांच्या डॉक्टरांच्या दारात होते. बेथानीच्या घरी मरियेने प्रभूच्या पायांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा हे विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदा म्हणाला होता. आणि त्याला गरिबांची काळजी नव्हती, अशी नोंद संत योहानाने केली आहे. कुत्र्यावर न केलेला खर्च जर पुन्हा आपल्याच कपाटात जाणार असेल, तर गरिबांचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नातीच्या मुद्द्याचेही तसेच. ‘आपला आहे’ या शब्दांत माया आहे, पण मायेपेक्षा अधिक त्यात देणे आहे. रानातला प्राणी आपले आपण पाहतो. घरातल्या पिल्लाला आपण आईपासून तोडून आणलेले असते, दाराशी बांधलेले असते. त्याने स्वतःची सोय स्वतः करण्याचा मार्ग आपणच बंद केलेला असतो. भारताच्या १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानेही ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याची निगा राखण्याचे कर्तव्य ठेवले आहे, आणि उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा गुन्हा ठरवला आहे. जखमी पिल्लू रात्री बाजारात नेऊन सोडणारे लोक आपण पाहिले आहेत. ते खर्च वाचवतात असे म्हणणे चूक आहे. ते आपले देणे बुडवतात.

परंतु देणे कशाचे? आम्हांला वाटते, वेदनेपासून सुटकेचे. सर्वांत महाग उपचाराचे नव्हे. येथे पुष्कळ कुटुंबांच्या मनावर उगाच ओझे पडते. तीन पायांचा कुत्रा धावतो, खेळतो, दारावर भुंकतो. आपल्याला एक पाय कमी असल्याची लाज त्याला वाटत नाही. ज्या घराला शस्त्रक्रिया परवडत नाही आणि जे पाय काढण्याचा निर्णय घेते, त्या घराची माया कमी नसते. यातना थांबवण्याचा दुसरा उपायच उरला नसेल, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणे हीसुद्धा दयाच आहे. निर्दयपणा तो, की खर्च नको म्हणून काहीच करायचे नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या घरच्या घरी देणे तर त्याहून वाईट, कारण त्यांतल्या कित्येक कुत्र्याला विषासारख्या ठरतात.

तेव्हा ‘किती खर्च करावा’ यापेक्षा ‘हा पैसा कोणाच्या वाट्यातला आहे’ हा प्रश्न अधिक खरा आहे. मुलाच्या फीचा पैसा, म्हाताऱ्या माणसाच्या औषधाचा पैसा, शेजाऱ्याला कबूल केलेला पैसा यांना हात लावून कुत्रा वाचवणे योग्य नाही. स्वतःच्या हौसेतून, सुखसोयीतून तो निघत असेल, तर त्याबद्दल लाजण्याचे कारण नाही. आम्ही त्या वर्षी घराला रंग लावला नाही आणि शस्त्रक्रिया केली. आजीने होकार दिला, पण अट घातली: “त्याला द्या, पण सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला आपण देतो त्यात एक रुपया कमी करायचा नाही.” या अटीत सगळे नीतिशास्त्र आले.

राहिला विम्याचा प्रश्न. आपल्या शेतकऱ्यांना जनावरांचा विमा ठाऊक आहे. गाईच्या कानाला बिल्ला मारतात आणि ती दगावली तर बाजारभावाच्या हिशोबाने भरपाई मिळते. कुत्र्याचा विमा स्वीडनमध्ये १९२४ साली, ब्रिटनमध्ये १९४७ साली आणि अमेरिकेत १९८२ साली सुरू झाला. आपल्याकडे शस्त्रक्रियेचा खर्च देणाऱ्या योजना २०२० नंतर दिसू लागल्या. त्यांचे नियम मात्र आधी वाचायला हवेत. इजा झाल्यावर काढलेला विमा त्या इजेला लागू पडत नाही, जुना आजार वगळलेला असतो, सुरुवातीचे काही दिवस भरपाई मिळत नाही, आणि लसीकरणाचे दाखले व बिले जपून ठेवावी लागतात.

हप्ता भरून कुत्रा कधी आजारीच पडला नाही, तर पैसे वाया गेले असे काहींना वाटते. ते दुसऱ्याच्या कुत्र्याच्या कामी आले, इतकेच. थोडे थोडे एकत्र ठेवून अडलेल्याला उभे करायचे, या विचारावरच १९१८ साली वसईत कॅथॉलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला गेला, जी आज बँक आहे. ज्यांना विमा नको, त्यांनी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला टाकावी. ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्यासाठी परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालयासारख्या धर्मादाय संस्था एकोणिसाव्या शतकापासून उभ्या आहेत.

गावठी पिल्लाला बाजारात किंमत नाही. म्हणून आपण विमा काढतो किंवा पैसे साठवतो, ते त्याच्या किमतीसाठी नसून आपण त्याला घरात घेताना न बोलता दिलेला शब्द पाळता यावा यासाठी असते. संकटात माणूस एक तर मायेने आंधळा होतो, नाही तर खर्चाला भिऊन कठोर होतो. स्वस्थ चित्ताने विचार करायची वेळ त्याच्या आधीची. तेव्हा मुले पिल्लासाठी हट्ट धरतील, त्या संध्याकाळी संपूर्ण कुटुंबाने एकत्र बसावे. नाव काय ठेवायचे हे ठरवण्याआधी त्याच्या दुखण्याखुपण्याचा खर्च कोणाच्या वाट्यातून निघेल, हे ठरवावे. मुलांनाही त्यात बोलू द्यावे. प्रेमाला हिशोब असतो, आणि तो आपणच चुकता करायचा असतो, हे त्यांना याहून सोप्या रीतीने शिकवता येणार नाही.