निर्धाव षटकाचं पारायण

पहाटे पाच वाजता टीव्हीचा आवाज किती ठेवावा, याचा अंदाज सरावानेच येतो. एक दांडी कमी केली तर समालोचक पुटपुटल्यासारखा वाटतो, एक जास्त झाली तर आतल्या खोलीतून खोकला ऐकू येतो. हा खोकला आईचा. पाठोपाठ ती स्वतःच येते, डोक्यावरचा पदर सारखा करत, आणि विचारते, "काय लागलंय रे?"

"मॅच."

"जिंकली का आपली?"

"अगं, जुनी आहे. 2011 ची."

"मग? जिंकली होती ना?"

"जिंकली होती."

"बरं," म्हणते आणि चहाचं आधण ठेवायला जाते. हा संवाद आमच्याकडे इतक्यांदा झालाय, की आता तोही जुन्या सामन्यासारखाच झाला आहे. शेवट माहीत असतो, तरी दोघंही आपापली वाक्यं चोख म्हणतो.

एकदा मात्र मीच खोडी काढली. श्रावण होता आणि तिचं ज्ञानेश्वरीचं पारायण चाललं होतं. म्हटलं, "आई, दरवर्षी तेच वाचतेस. अठराव्या अध्यायात काय आहे ते तुला ठाऊक नाही का?" तिने चष्म्यावरून पाहिलं. "ठाऊक आहे म्हणून तर वाचते. पहिल्यांदा वाचताना नुसती पुढं पळत होते." मी म्हटलं, मग सोप्या सोप्या ओव्या तेवढ्या वाचाव्यात. त्यावर ती जरा रागावलीच. "पारायणात ओवी गाळत नसतात."

नेवासं आमच्या श्रीरामपूरपासून फार लांब नाही. ज्या खांबाला टेकून माउलींनी नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगितल्या तो पैस तिथे आहे आणि आई दोनतीन वर्षांतून एकदा तरी जाऊन येते. तिच्या त्या वाक्याचा क्रिकेटशी काही संबंध लागेल, असं तिला वाटलं नसणार. मला मात्र लागला. त्या दिवसापासून 'हायलाइट्स' हा प्रकार माझ्या मनातून उतरला.

आमच्या गावाविषयी थोडं सांगायला हवं. रेल्वेने याल तर स्टेशनच्या पाटीवर 'बेलापूर' लिहिलेलं दिसेल. घाबरून डब्यात बसून राहू नका, उतरा, श्रीरामपूर तेच. ऊस आणि साखरेचं गाव. 7 ऑक्टोबर 1978 रोजी झहीर खान इथे जन्मला. डावखुरा वेगवान गोलंदाज म्हणून त्याने 92 कसोटींत 311 बळी घेतले. गावात कुणाला विचारा, तो त्याच्याबरोबर टेनिस बॉलने खेळलेला असतो. सगळे खरं बोलत असतील तर त्या संघात दोनशे खेळाडू असले पाहिजेत. मी खेळलेलो नाही, हे इथे नमूद करून ठेवतो. माझं त्याच्याशी नातं टीव्हीच्या काचेतूनच जुळलेलं आहे.

2 एप्रिल 2011. वानखेडेवरची अंतिम लढत, समोर श्रीलंका. हा सामना वाहिन्या इतक्यांदा दाखवतात की शाळकरी पोरांनाही तो पाठ आहे. काय पाठ आहे? धोनीने कुलसेकराला मारलेला षटकार. फार तर गंभीरच्या 97 धावा आणि त्याची मळलेली जर्सी. त्या दिवसाची सुरुवात कशी झाली, हे विचारून पाहा. नाणेफेक दोनदा करावी लागली होती. त्यानंतर झहीरने पहिली तीन षटकं निर्धाव टाकली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, तीसेक हजार माणसं ओरडत असताना, अठरा चेंडू आणि एकही धाव नाही. चौथ्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर थरंगा सेहवागच्या हाती स्लिपमध्ये सापडला. वीस चेंडू खेळून त्याच्या खात्यात दोन धावा. झहीरच्या पहिल्या पाच षटकांत गेल्या सहा धावा.

संक्षिप्त चित्रणात यातलं काय येतं? थरंगाची विकेट. सेहवागची झेप. साताठ सेकंद. आधीचे अठरा चेंडू कापलेले असतात, कारण त्यात 'काही झालं नाही'. आणि मला वाटतं, झालं ते सगळं त्याच अठरा चेंडूंत. थरंगाची बॅट प्रत्येक चेंडूला थोडी थोडी शरीरापासून लांब जाऊ लागते. दुसऱ्या षटकात तो बॅट जमिनीवर जरा जास्त वेळा आपटतो. तिसऱ्यात खेळपट्टीवरचा नसलेला कचरा उचलतो. कर्ज जसं महिन्या-महिन्याने चढतं तसा त्याच्यावर दाब चढत जातो. विकेट म्हणजे फक्त वसुली. हे पहिल्यांदा पाहताना मला दिसलं नव्हतं. तेव्हा मी हात जोडून बसलो होतो, निकालाच्या धास्तीने. डोळ्यांपेक्षा छातीनेच सामना पाहत होतो. निकालाची धास्ती संपली आणि मग डोळ्यांना काम मिळालं.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगतो, की त्याच झहीरच्या शेवटच्या षटकात अठरा धावा गेल्या आणि परेराने अखेरच्या चेंडूवर षटकार मारला. दहा षटकांत 60 धावा आणि 2 बळी, असा आकडा धावफलकावर राहिला. आकडा पाहून कुणी म्हणेल, मार खाल्लेला दिसतोय. पारायण करणाऱ्यालाच माहीत, की त्या साठातल्या पहिल्या सहा कुठल्या.

कोलकात्याचंही तसंच. मार्च 2001, लक्ष्मणच्या 281 धावा. टाळेबंदीत, 2020 च्या एप्रिलमध्ये, मैदानं ओस पडली होती, आयपीएल लांबणीवर पडली होती आणि दूरदर्शनच्या क्रीडा वाहिनीने जुने सामने काढले होते. तेव्हा घरातल्या कोपऱ्यात बसून मी एक बारीकसा हिशेब केला. लक्ष्मण 452 चेंडू खेळला, त्यात 44 चौकार. चौकार तेवढे दाखवले तर 408 चेंडू उरतात. त्या 408 मध्ये त्याने वॉर्नला पुढे येऊन थोपवलं, सोडून दिलं, एकेक काढून द्रविडला समोर आणलं, पाणी प्यायला, हातमोजे बदलले. 14 मार्चचा अख्खा दिवस एकही विकेट पडली नाही. दिवसभर विकेट न पडणं चौकारांतून कसं दाखवणार?

वाहिन्यांची अडचण मला कळते. माणसाला वेळ नाही आणि जाहिरातींना आहे. पण मग त्याला जुना सामना म्हणू नये. लग्नाच्या पंगतीत नुसती जिलबी वाढत गेल्यासारखं ते आहे. चार घासांत तोंड वळतं.

आमच्या जिल्ह्याचा दुसरा गडी अजिंक्य रहाणे. जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, मूळ गाव चंदनापुरी. त्याचा खेळ कापून दाखवायला फारच गैरसोयीचा. मेलबर्नची डिसेंबर 2020 ची कसोटी आठवा. आधीच्या सामन्यात ॲडलेडला आपला डाव 36 धावांत आटोपला होता, कोहली मायदेशी परतला होता आणि कप्तानी रहाणेकडे आली होती. आपल्याकडे खेळ पहाटे पाचला सुरू व्हायचा. नगरची डिसेंबरातली थंडी, अंगावर घोंगडी, बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची गाणी. तेव्हाच मला हा पहाटेचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. रहाणेने 223 चेंडूंत 112 धावा केल्या. संघ त्या सामन्यात आठ गडी राखून जिंकला आणि पुढे मालिकाही.

पण मी ती खेळी पुन्हा लावतो ती तिच्या शेवटासाठी. जडेजा 49 वर होता, एक धाव चोरायला गेला आणि रहाणे धावबाद झाला. कप्तान, शतक झालेलं, मोठी आघाडी समोर दिसत असताना असा बाद झालेला माणूस काय करतो? हात वर करतो, मान हलवतो, बॅट आपटतो. रहाणे जडेजाजवळ गेला, त्याला धीर दिला आणि मग तंबूकडे वळला. थेट प्रक्षेपणाच्या वेळी मी घोंगडीत तोंड खुपसून जडेजाला शिव्या घालत होतो, त्यामुळे ते मला दिसलंच नाही. चौथ्या-पाचव्यांदा पाहताना दिसलं. संगमनेरकडची जुनी माणसं 'मुकाट्यानं' हा शब्द ज्या चांगल्या अर्थाने वापरतात, तो अर्थ मला त्या सकाळी कळला.

आता एक उलटी गोष्ट. भारतीय क्रिकेटमधली जी खेळी सर्वांत जास्त सांगितली जाते, तिचं चित्रणच नाही. 18 जून 1983, टनब्रिज वेल्स. झिंबाब्वेविरुद्ध 5 बाद 17 आणि मग कपिलदेवच्या नाबाद 175. मैदानावर कॅमेरा नव्हता. ती खेळी माणसांनी तोंडी जिवंत ठेवली. जत्रेतल्या हगाम्यातल्या कुस्त्या अशाच जगल्या. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून ते शेवटच्या कुस्तीपर्यंत फडाच्या कडेला बसलेला म्हातारा पुढची चाळीस वर्षं सांगत राहायचा, की अमक्याने कळ काढून काढून तमक्याला कसा दमवला आणि मग कसा चीत केला. तोही दमवण्याचं वर्णन जास्त करायचा, चीत करण्याचं कमी. कॅमेऱ्याने सगळे प्रश्न सुटतात असंही नाही. 2025 च्या फेब्रुवारीत नगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत एका लढतीत पाठ टेकली की नाही यावरून वादळ उठलं. तो तुकडा लोकांनी मोबाइलवर शंभरदा पाहिला आणि शंभर मतं झाली. तुकडाच तो, त्यातून दुसरं काय निघणार?

माझी वाहिन्यांविषयी आणखी एक तक्रार आहे. त्या हरलेले सामने दाखवत नाहीत. त्यांच्या पेटीत भारत सदैव जिंकतच असतो. लॉर्ड्सची गच्ची आणि गांगुलीने काढलेला शर्ट महिन्यातून एकदा दिसतो. पण 23 मार्च 2003 ची, विश्वचषकाची ऑस्ट्रेलियाविरुद्धची अंतिम लढत? ती कुणी लावत नाही.

तो रविवार होता. ज्याच्या घरचा टीव्ही मोठा, त्याच्याकडे आम्ही वीस-बावीस जण दाटीवाटीने बसलो होतो. गांगुलीने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं आणि नवा चेंडू आमच्या गावच्या पोराच्या हातात आला. खोलीत शिट्ट्या वाजल्या. मग नोबॉल, वाईड, हेडनकडे पाहून रागाने पुटपुटणं, पुन्हा मार. पहिल्या षटकात 15 धावा. शेजारचे एक काका उठून चपला शोधू लागले. "आपलं पोरगं आज फार तापलंय," एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने लाइट गेली. भारनियमनाला एरवी शिव्या देणारे आम्ही, त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे उन्हात घरी गेलो. पाँटिंगने नाबाद 140 काढल्या, त्यांच्या 2 बाद 359 झाल्या, हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं.

परवा एका मित्राने त्या सामन्याचं सबंध चित्रण मिळवून दिलं. दोन दिवस ते तसंच ठेवलं होतं. आज पहाटे लावलं. आवाज नेहमीपेक्षा एक दांडी कमी. ते षटक पुन्हा पाहिलं, त्यातल्या प्रत्येक चेंडूसकट. 2011 च्या तीन निर्धाव षटकांची मुळं मला या षटकात दिसतात, असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, गावाचा अभिमान बोलतोय. बोलत असेल. पण मधल्या काळात हा गडी संघाबाहेर पडला, 2006 मध्ये इंग्लंडला जाऊन वूस्टरशरकडून हंगामभर राबला, तिथे 78 बळी घेऊन परतला, आणि वानखेडेवर चेंडू हातात घेतला तेव्हा एका शब्दानेही थरंगाशी बोलला नाही. दोन्ही चित्रणं पाठोपाठ लावून पाहा. पहिल्यात तोंड चालतं, दुसऱ्यात फक्त मनगट.

आतून खोकला ऐकू आला. आई आली.

"काय लागलंय रे?"

"मॅच. 2003 ची."

"जिंकली का आपली?"

"नाही. 125 धावांनी हरली."

ती थोडा वेळ उभीच राहिली. हे उत्तर तिच्या सवयीचं नव्हतं. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मग गाळू नकोस. बघ सगळी."

झहीरने त्या दिवशी सात षटकं टाकली होती. मी तेव्हा पाहिलं होतं एकच.