शनीचे चित्र आणि साडेसातीचे भय

दीक्षा घेतली आणि घरातले देव गेले. शनिवारचे तेल मात्र पुष्कळ घरांतून अजून गेलेले नाही. "आम्ही शनीला मानत नाही, पण उगाच विषाची परीक्षा कशाला?" असे म्हणणारे बांधव आपल्यातच आहेत. त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

१९ जुलै २०१३ रोजी कॅसिनी यानाने शनीची छायाचित्रे टिपली. सूर्य त्या वेळी शनीच्या आड होता. म्हणून ग्रह काळोखा, आणि त्याची कडी मागच्या उजेडाने झळकलेली. १४१ छायाचित्रे जोडून एक मोठे चित्र सिद्ध झाले. त्यात खाली उजवीकडे एक निळसर ठिपका आहे. ती आपली पृथ्वी, सुमारे १४४ कोटी किलोमीटरांवरून दिसलेली.

एका विहारात हे चित्र पाहून एका आजींनी विचारले, "याला रंग कुणी दिला? पूर्वी भटजी सांगायचा ते ऐकलं, आता हे सांगतात ते ऐकायचं. फरक काय?" तरुण मंडळी हसली. हसायला नको होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, हेच तथागतांनी कालामांना सांगितले. शास्त्रज्ञ सांगतो म्हणून, हेही त्यातच आले!

तेव्हा आजींना उत्तर दिलेच पाहिजे. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचांतून वेगवेगळी छायाचित्रे घेऊन ती एकावर एक बसवली, तेव्हा रंग उमटले. पृथ्वीचा ठिपका फारच अंधुक, म्हणून तो शनीच्या मानाने साडेआठ पट उजळ केला. म्हणजे माणसाचा हात लागलाच. पण हे आपण पकडलेले नाही. चित्रासोबत त्यांनीच ते लिहून ठेवले, आणि यानाने पाठविलेली मूळ छायाचित्रे सर्वांना खुली केली. ज्याला शंका असेल त्याने पुन्हा जोडून पाहावे.

आता साडेसाती घ्या. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. ती बारा राशींत वाटली की एका राशीला अडीच आणि तीन राशींना साडेसात वर्षे येतात. आकडा खोटा नाही. रात्री जागून ज्यांनी ही चाल मोजली त्यांच्या डोळ्यांविषयी मला आदरच आहे. परंतु त्या वर्षांत बैल मरेल, मुलीचे लग्न मोडेल, हे कोणत्या डोळ्यांनी पाहिले? हे त्या चालीला मागाहून चिकटवलेले आहे. कोणी चिकटवले, केव्हा, कशावरून, याची नोंद कुठेच नाही. आणि विचारले की कोप होतो!

तपासण्यास दुर्बीण लागत नाही, एक वही पुरते. साडेसाती एका वेळी तीन राशींना असते, म्हणजे वस्तीतल्या साधारण चौथ्या हिश्शाला. येत्या पौर्णिमेला विहारात बसून घरोघरची आजारपणे, कर्जे, मोडलेली लग्ने लिहून काढा, आणि त्या चौथ्या हिश्शाच्या वाट्याला इतरांपेक्षा किती अधिक आली ते मोजा. आजींना शेजारी बसवा. त्या प्रश्न विचारतील.