मुलांना पुढे करू नका

रहिवाशांचं ते निवेदन तुम्हीही वाचलं असेलच. मनोरुग्णालयातून बऱ्या होऊन बाहेर पडणाऱ्यांसाठी आमच्या वस्तीत घर नको, आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. (उद्गारचिन्हं वाढली की मुद्दा आटलेला असतो, हे माझं जुनं मत.) फ्लॅटच्या किमती, येणारे-जाणारे पाहुणे वगैरे एका ओळीत उरकलंय. बाकी पानभर एकच: लहान मुलांची सुरक्षितता!

केवढी ही काळजी! खेळायच्या जागेवर पार्किंगचे पट्टे कोणी मारले? रिव्हर्स घेताना भसाड्या आवाजात गाणी वाजवणाऱ्या गाड्या (त्यांच्यावर बंदी घालणाऱ्या कुठल्याही पक्षाला माझं मत) याच मुलांच्या अंगावर येतात ना? आठवीतली पोरं बापाची स्कूटर घेऊन क्लासला जातात. मिरवणुकीत तान्ही बाळं डीजेच्या भिंतीपुढे खांद्यावर नाचवली जातात. यातलं काहीच धोक्याचं नाही. धोका कोणाचा? वेळेवर गोळ्या घेणाऱ्या, स्वतःचं ताट स्वतः घासणाऱ्या, अर्धं आयुष्य वॉर्डात गेलेल्या पन्नाशीच्या बाईचा!

ती बाई अजून आत का आहे? आजारामुळे नव्हे. न्यायला कोणी येत नाही म्हणून. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबत स्वच्छ बोलतो. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, केवळ एवढ्यावरून कोणाला आत ठेवता येत नाही, असं त्याचं 19 वं कलम सांगतं. तरीही येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, चारही ठिकाणच्या मनोरुग्णालयांत अशी माणसं वर्षानुवर्षं आहेत. बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणारं सरकारही आपलंच. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवायला सांगितलं. मग उरतं काय? साध्या वस्तीतलं साधं घर, देखभालीला एखादं माणूस आणि जवळ ओपीडी. मागणी एवढीच आहे.

आमच्या सोसायटीत असं घर देण्याचा ठराव आला तर मंजूर होईल? छातीठोकपणे सांगवत नाही. आमच्याकडे गच्चीच्या किल्लीवरूनही दोन तट पडतात. सगळ्यांचं मन एकदम मोठं होईल, अशी माझीही अपेक्षा नाही. पण ‘नाही’ म्हणायचंच असेल, तर ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने म्हणा. मुलांनी तुम्हाला वकीलपत्र दिलेलं नाही.