झाकली मूठ कोणासाठी?

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. मुठीत काय आहे हे दिसत नाही तोवर तिची किंमत ज्याने त्याने वाटेल तेवढी करावी, असा तिचा भावार्थ. चारचौघांत अब्रू राखण्यापुरते हे शहाणपण ठीकच आहे. परंतु ही मूठ घरच्या माणसांपुढेही झाकलेलीच ठेवावी काय, हा प्रश्न आज वाचक बंधुभगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब लंडनच्या एका उपनगरात राहते. घर स्वतःचे, अर्थात हप्त्यावरचे. पतिपत्नी दोघेही नोकरी करणारी, मुलगी कॉलेजात शिकणारी. बँक ऑफ इंग्लंडचा व्याजदर डिसेंबर २०२१ च्या आरंभी ०.१ टक्के होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर गेला. या काळात अनेकांच्या घरांचे हप्ते वाढले, तसा यांचाही वाढला. त्यातच गृहस्थांचा ओव्हरटाइम बंद झाला. त्यांनी घरी काही सांगितले नाही. एका क्रेडिट कार्डाचे देणे भागविण्यासाठी दुसरे कार्ड घेतले, दुसऱ्यासाठी तिसरे. भारतात भाचीचे लग्न निघाले, तेव्हा आहेरही नेहमीच्या इतमामाने गेला. अखेर एके दिवशी टपालाने आलेले एक पत्र पत्नीच्या हाती पडले. ती एवढेच म्हणाली, “पैसे गेले त्याचं मला काही नाही. पण मला आधी का नाही सांगितलंत?” यावर गृहस्थांना उत्तर देता आले नाही. त्यांना लाज वाटली होती, एवढेच खरे कारण होते.

एखाद्या घराची आर्थिक प्रकृती चांगली आहे असे आपण केव्हा म्हणतो? बहुधा मोठा पगार, मोठे घर आणि दारातील गाडी पाहून. पण शरीराच्या बाबतीत आपण असे म्हणत नाही. दंड भरलेला आहे म्हणून मनुष्य निरोगी ठरत नाही. ताप आला तरी चार दिवसांनी उठून कामाला लागतो, तो निरोगी. घराचेही तसेच आहे. एका महिन्याचा पगार थांबला, घरातील कोणी आजारी पडले, तर ते घर किती दिवस तग धरते, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांना कोकणात ‘शनवार तेली’ म्हणत. आठवड्यातून एक दिवस त्यांचा घाणा बंद असे. ही आपल्या धर्माची आज्ञा होती, हे तर झालेच. पण तिच्यामागे संसाराचा एक हिशेबही होता. सहा दिवसांच्या कमाईत सातव्या दिवसाची भाकरी आधीच धरून ठेवल्याखेरीज गरीब तेल्याला घाणा थांबविणे परवडले नसते. आज आपली मिळकत त्यांच्यापेक्षा किती तरी अधिक आहे. तरी आपला घाणा एक महिना थांबला तर काय होईल, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? आणि घरातील कितीजणांना?

कर्जाची लाज ही काही आपल्याच लोकांची मिरास नव्हे. १८२४ साली लंडनमधील मार्शल्सी तुरुंगात जॉन डिकन्स नावाचे एक कारकून पाववाल्याचे चाळीस पौंडांचे देणे थकल्यामुळे कोंडले गेले. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा चार्ल्स त्या दिवसांत बूट-पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबले चिकटवीत होता. हाच मुलगा पुढे जगप्रसिद्ध कादंबरीकार झाला. त्याने कर्जबाजारी माणसांची चित्रे आपल्या पुस्तकांतून रंगविली, पण ही गोष्ट आपली स्वतःची आहे असे उघडपणे कधी सांगितले नाही. १८७० साली तो वारल्यानंतर त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून ती जगाला कळली. एवढी कीर्ती मिळूनही ती मूठ उघडली नाही!

१८६९ च्या कायद्याने या देशात साध्या देण्यासाठी तुरुंगात टाकण्याची पद्धत बहुतांशी बंद झाली. आज तर ऋणकोला पुष्कळ आधार आहे. पगारापर्यंतची नड भागविण्यासाठी जी महागडी अल्पमुदती कर्जे मिळतात, त्यांवर जानेवारी २०१५ पासून मर्यादा आहे : शंभर पौंड घेतले तर व्याज व दंड धरून दोनशेपेक्षा अधिक वसूल करता येत नाहीत. मे २०२१ पासून इंग्लंड व वेल्समध्ये ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची योजना आहे. कर्जविषयक सल्लागारामार्फत अर्ज मंजूर झाला की साठ दिवसांपर्यंत बहुतेक देण्यांवरील व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई थांबते. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, स्टेपचेंज यांसारख्या संस्था विनामूल्य सल्ला देतात. परंतु या सर्वांची पहिली अट एकच : आपण कोणाचे किती देणे लागतो, ते सारे सांगा. जो घरात बोलू शकला नाही, तो परक्या माणसासमोर ही यादी कशी वाचणार?

येथे आपल्या आणखी एका सवयीचा उल्लेख करणे भाग आहे. भारतातील आप्तांना वाटते, विलायतेत पैशाला काय तोटा! आणि हा समज आपणच जोपासतो. आपण फोटो पाठवितो ते सहलीचे. वाढलेल्या गॅसबिलाचा कोणी पाठवीत नाही. मग त्यांनी काही मागितले तर नाही म्हणवत नाही. आप्तांना मदत करू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण कर्ज काढून दिलेली भेट ही दोन्ही घरांची फसवणूक आहे. “यंदा एवढेच जमेल” हे वाक्य उच्चारण्यात कमीपणा नाही.

यावर कोणी म्हणेल, मूठ उघडली की लोक नावे ठेवतात. हे खरे आहे, आणि तो दोष ऐकणाऱ्यांचा आहे. बाराव्या शतकात रांबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी भिक्षेची नव्हे. माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याच्यावर हात पसरण्याची वेळच येऊ न देणे, ही ती पायरी. आपल्याकडे कोणी अडचण बोलून दाखविली तर ती चहाबरोबर चघळण्याचा विषय करू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. महिन्यातून एक संध्याकाळ घरातील सर्वांनी कागद घेऊन टेबलाशी बसावे. काय येते, काय जाते, कोणाचे देणे आहे, विम्याचे व पेन्शनचे कागद कोठे आहेत, हे दोघांनाही माहीत असावे. नव्या पद्धतीच्या पूर्ण सरकारी पेन्शनसाठी साधारणपणे नॅशनल इन्शुरन्सची ३५ वर्षे भरावी लागतात. जे उशिरा या देशात आले, त्यांनी आपली किती भरली हे वेळीच पाहावे. मुलांनाही त्यांच्या वयाच्या मानाने सांगावे. ती समजतो त्यापेक्षा शहाणी असतात.

वर सांगितलेल्या कुटुंबाचे देणे अजून फिटलेले नाही. ते फिटायला काही वर्षे लागतील. पण ते गृहस्थ परवा आम्हांला म्हणाले, “आता रात्री झोप लागते.” त्यांची मूठ जगाला आजही झाकलेलीच आहे; घरात मात्र ती उघडी आहे.