भिंतीआडची मूर्ती: महाबोधी मंदिर आणि प्रवाशांच्या आठवणी

सातव्या शतकात भारतात आलेल्या युआन श्वांग या चिनी भिक्षूने बोधगयेच्या महाबोधी मंदिराला दिलेल्या भेटीची आठवण दोन ग्रंथांत उरली आहे, आणि त्या दोन्हींतील माणूस एकच आहे यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. पहिला ग्रंथ म्हणजे त्याने सांगितलेला आणि त्याचा शिष्य बियानजी याने शब्दबद्ध केलेला, 646 मध्ये पुरा झालेला प्रवासवृत्तांत. मंदिराची उंची 160 ते 170 फूट, पायाची रुंदी सुमारे वीस पावले, भिंती निळसर विटांच्या व वर चुन्याचा गिलावा, कोनाड्यांच्या रांगांत सोनेरी मूर्ती आणि माथ्यावर सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा आमलक, म्हणजे शिखराच्या टोकाशी बसवलेला आवळ्याच्या आकाराचा घटक, असा तपशील त्यात ओळीने येतो. दुसरा ग्रंथ म्हणजे हुइली या सहकारी भिक्षूने लिहायला घेतलेले आणि यानत्सोंग याने 688 मध्ये पूर्ण केलेले चरित्र. त्यात हाच प्रवासी बोधिवृक्षापाशी साष्टांग पडून रडतो, बुद्धांना ज्ञान झाले त्या काळी आपण जन्ममरणाच्या कोणत्या फेऱ्यात होतो कोण जाणे, असा शोक करतो. आणि वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचे भिक्षूंचे व्रत, संपल्यामुळे तेथे जमलेल्या हजारो भिक्षूंचेही डोळे त्याला पाहून भरून येतात.

प्रवासवृत्तांतात हे अश्रू का नाहीत, याचे उत्तर तो ग्रंथ कोणासाठी लिहिला गेला यात आहे. 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन चांगआन या राजधानीत परतलेल्या युआन श्वांगकडून सम्राट ताइझोंगला पश्चिमेकडील देशांची माहिती हवी होती. तेथील राजे, पिके, अंतरे, चालीरीती आणि वास्तू यांचा उपयोग राज्याला होता, एका भिक्षूच्या शोकाचा नव्हता. म्हणून प्रवाशाची आठवण ही त्याच्या मनाची निखळ नोंद असते हे गृहीतक पहिल्याच पायरीवर सोडून द्यावे लागते. कोणापुढे आठवायचे यावर काय आठवायचे हे बरेचसे ठरते. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या आठवणीत प्रवाशाने पाहिलेले जितके असते, तितकेच त्या जागी राहणाऱ्यांनी त्याला सांगितलेलेही असते, आणि हा दुसरा भाग आधुनिक वाचकांनी फार उतावीळपणे बाजूला सारला आहे.

महाबोधी मंदिरातील मूर्तीविषयी युआन श्वांग सांगतो ती कथा या दृष्टीने नीट वाचली पाहिजे. गौडदेशाचा राजा शशांक याने बोधिवृक्ष तोडला आणि गाभाऱ्यातील बुद्धमूर्ती काढून तिच्या जागी महेश्वराची, म्हणजे शिवाची, मूर्ती बसवण्याचा हुकूम एका अधिकाऱ्याला दिला. मूर्ती फोडली तर कल्पांपर्यंत पुरेल असे पाप, आणि हुकूम मोडला तर स्वतःसह साऱ्या कुटुंबाचा नाश, अशा पेचात सापडलेल्या त्या अधिकाऱ्याने एका श्रद्धावान माणसाकडून मूर्तीपुढे विटांची भिंत घातली, आत अंधार राहू नये म्हणून दिवा ठेवला आणि भिंतीच्या दर्शनी बाजूवर महेश्वराचे चित्र काढवले. राजा पुढे व्याधीने मेला, भिंत पाडली गेली, तेव्हा दिवा तेवतच होता. शशांक हा युआन श्वांगचा आश्रयदाता हर्षवर्धन याचा वैरी होता, त्यामुळे रमेशचंद्र मजुमदारांसारख्या इतिहासकारांनी या कथेवर शंका घेतली, ती रास्तच आहे. परंतु शंका घेऊन थांबले की कथेचा गाभाच हातून निसटतो, कारण तिचा नायक राजा नाही. दोन भयांच्या मधे उभा असलेला एक नोकर आहे, आणि अशा माणसाची बाजू राजदरबारात जन्म घेत नाही, ती मंदिराच्या आवारातल्या लोकांकडूनच येते.

तेराव्या शतकात त्याच जागी दुसरा प्रवासी आला. धर्मस्वामी हा तिबेटी भिक्षू 1234 ते 1236 या काळात भारतात होता आणि त्याची हकिगत शिष्याने लिहून ठेवली. तुर्की फौजांच्या भीतीने बोधगया ओस पडली होती, विहारात चौघेच भिक्षू उरले होते. त्यांनी मूर्तीसमोरचे दार विटांनी बंद करून लिंपून घेतले होते, पर्यायी मूर्ती बाहेर ठेवली होती, आणि बाहेरच्या दारावरील गिलाव्यावर संरक्षणासाठी महेश्वराचे चित्र काढले होते. सहाशे वर्षांच्या अंतराने तीच भिंत आणि तेच चित्र पुन्हा भेटते, ही गोष्ट योगायोगावर सोडून देण्यासारखी नाही. शशांकाची कथा त्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असेल आणि संकट आल्यावर भिक्षूंनी तिच्यातला उपाय प्रत्यक्षात आणला असेल. किंवा मूर्ती झाकून वाचवण्याची मूळ रीतच इतकी जुनी असेल की दोन्ही प्रवाशांना ती आपापल्या काळातील शत्रूच्या नावाने ऐकायला मिळाली. यांतला पहिला तर्क अधिक पटतो. पण कोणताही धरला तरी इतके निश्चित की प्रवाशाच्या आठवणीत त्या स्थळाची स्वतःची आठवण मिसळलेली आहे. तिच्यातल्या आक्रमकाचे नाव तेवढे उचलून आजच्या धार्मिक भांडणात पुरावा म्हणून फेकणे हा त्या चार भिक्षूंवर अन्याय आहे, कारण शिवाचे चित्र त्यांना शत्रूचे नव्हे, रक्षणाचे वाटले होते.

एकोणिसाव्या शतकात या ग्रंथांचा उपयोग झाला तो मात्र वेगळ्याच कामासाठी. स्तानिस्लास ज्युलियँ याने केलेले प्रवासवृत्तांताचे फ्रेंच भाषांतर 1857-58 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 1861 पासून पुरातत्त्व सर्वेक्षण करणाऱ्या अलेक्झांडर कनिंगहॅम याने त्यातील अंतरे व दिशा धरून उत्तर भारतातील एकेक बौद्ध स्थळ शोधून काढले. 1880 नंतर महाबोधी मंदिराचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा अवशेषांत सापडलेल्या मंदिराच्या छोट्या दगडी प्रतिकृतीचा आधार घेतला गेला, आणि वर्णनातील उंची व कोनाडे उभ्या वास्तूशी जुळतात याचे समाधान मोठे होते. हे काम थोर आहे. त्यावाचून आज मंदिर या रूपात उभे नसते. मात्र मोजता येते तेवढे खरे आणि ऐकीव ते दंतकथा, अशी वाटणी त्यातून रूढ झाली, आणि ती युआन श्वांगची स्वतःची वाटणी नव्हती.

त्याची वाटणी कशी होती हे महाराष्ट्राविषयीच्या प्रकरणात दिसते. चालुक्य राजा पुलकेशी याच्या या राज्याच्या पूर्व भागातील डोंगरात, अंधाऱ्या दरीत कोरलेल्या एका विहाराचे जे वर्णन तो करतो, ते अजिंठ्याचे मानले जाते. त्याचा निर्माता म्हणून तो ज्या अर्हताचे, म्हणजे मुक्तावस्थेला पोहोचलेल्या भिक्षूचे, नाव देतो, त्या अचलाचा उल्लेख 26 क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात आहे. त्याने सांगितलेले दाराशी दोन बाजूंना उभे असलेले दगडी हत्ती 16 क्रमांकाच्या लेण्याच्या वाटेवर आजही पाहता येतात. उलट सत्तर फुटांची बुद्धमूर्ती आणि तिच्या डोक्यावर आधाराविना तरंगणारी सात छत्रे अजिंठ्यात कोठेच नाहीत, त्यामुळे तो तेथे प्रत्यक्ष गेला होता का याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण छत्रांचे वर्णन झाल्यावर तो थांबतो आणि सांगतो की, कोणी याचे श्रेय अर्हताच्या प्रतिज्ञेच्या बळाला देतात, कोणी त्याच्या सिद्धीला, तर कोणी औषधींच्या विद्येला, आणि जुन्या नोंदी पाहूनही आपल्याला याचा उलगडा झाला नाही. हत्ती मधूनमधून गर्जना करतात आणि धरणी कापते, हे तर तो सरळ त्या मुलखातील लोकांच्या तोंडी घालतो.