चन्नम्माची रजा

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागून चालत जातात आणि शहरात हरवतात. स्मृतिभ्रंशाने सगळी विद्या पुसत चाललेल्या या म्हाताऱ्याला जीव लावते ती माहुताची बायको, कन्नड बोलणारी चन्नम्मा. शास्त्रीबुवा तिच्यात आई पाहतात. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

बंगळुरूतल्या कितीतरी मराठी घरांत ही चन्नम्मा आज रोज सकाळी दार वाजवते. मुलाच्या नोकरीपाठी पुणे-कोल्हापूर-नागपूर सोडून आलेले आईवडील व्हाइटफिल्ड नाहीतर सर्जापूर रस्त्यावरच्या एखाद्या उंच इमारतीत राहतात. सून आणि मुलगा दोघेही कामावर. मग ब्युरोतून बाई येते, बारा तासांची किंवा चोवीस तासांची. कधी रायचूर-कलबुर्गीकडची, कधी थेट झारखंडची. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेल्या भाषा बहुधा आधी गळतात, मातृभाषा मागे उरते. आयुष्यभर इंग्रजीत कचेरी चालवलेले तात्या आता मराठीतूनच पाणी मागतात आणि ती "नीरु बेका, अज्जा?" असं विचारते. दोन-चार आठवड्यांत दोघांचं जमतं. मेतकूट-भात तिला करता येऊ लागतो, तात्या तिच्या हाताशिवाय जेवत नाहीत.

आईवडिलांनी शेवटपर्यंत घरात राहावं, हे मला मनापासून पटतं. पण घर म्हणजे भिंती नव्हेत. कोणीतरी एक बाई अखंड जागी असते म्हणून ते घर चालतं. ती पगारी असेल, नाहीतर बायको, सून, लेक असेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. भरवताना पाठ सरळ हवी, घास लहान हवा. ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनियाचा धोका. लघवीच्या नळीची पिशवी कमरेच्या खाली ठेवायची. स्मृतिभ्रंश झालेल्या चालत्याफिरत्या माणसाचा संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी ने" म्हणून हट्ट सुरू होतो. तेव्हा वाद घालायचा नाही, हात धरून चार खोल्या फिरवून आणायचं. हे सगळं कौशल्य आहे. आपण मात्र त्याला 'बाई ठेवली आहे' एवढ्यात उरकतो.

चोवीस तासांची बाई झोपते कधी, हा प्रश्न पगार ठरवताना फारसं कोणी विचारत नाही. आणि तिची स्वतःची आई गावाकडे कोणाच्या भरवशावर असते, हा तर विषयच निघत नाही.

2007चा ज्येष्ठ नागरिक कायदा आईवडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतो. टाकून न देता वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यासाठी त्यात काहीच नाही. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि मानकं ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. 2024मध्ये आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सर्वांना खुली झाली, पाच लाखांपर्यंत. मात्र ते पैसे रुग्णालयात दाखल होण्यासाठी. आजी न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं तर सरकार खर्च करील. ती पडू नये म्हणून तिच्याजवळ माणूस ठेवण्याचा खर्च मात्र घरच्यांचा. हा हिशेब उलटा आहे. साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक जण घरीच आहेत.

वेगळी वाट बंगळुरूनेच दाखवली आहे. नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टने 2002पासून पोलिसांच्या साथीने ज्येष्ठांसाठी 1090 ही हेल्पलाइन चालवली, पुढे कस्तुरीनगरात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी केंद्र उभारलं. 'करुणाश्रय'चं रुग्णालय 1999मध्ये उघडलं, पण कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या घरी जाणं त्यांनी त्याआधीच सुरू केलं होतं, तेही विनामूल्य. केरळने 2008मध्ये उपशामक सेवेचं धोरण केलं आणि ग्रामपंचायतीची परिचारिका घरोघरी जाऊ लागली. जपानमध्ये एप्रिल 2000पासून चाळिशीपुढचा प्रत्येक जण दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा हप्ता भरतो, कारण म्हातारपण एकट्या घराला पेलत नाही हे त्या देशाने वेळीच मान्य केलं. जपानइतके पैसे आपल्याकडे नाहीत हे खरं. पण केरळकडे तरी कुठे होते?

सरकारची वाट न पाहता करता येण्याजोगं बरंच आहे. बाईला आठवड्यातून एक पूर्ण दिवस भरपगारी रजा द्या आणि त्या दिवशी आईची कूस मुलाने बदलावी, सुनेवर ढकलू नये. कामाचे तास, रात्रीची झोप, पगार लिहून ठरवा. बंगळुरूतली मराठी मंडळं गणपती, दिवाळी पहाट हौसेने करतात. त्यांनी आठवड्यातली एक दुपार अशा आजीआजोबांसाठी राखावी, जिथे त्यांच्या कानावर मराठी पडेल आणि घरच्या माणसाला चार तास मोकळे मिळतील. घरच्या शुश्रूषेचा खर्च आरोग्य योजनेत यावा, ही मागणी मात्र आपल्या आमदार-खासदारांकडे आपणच लावून धरायला हवी. पुढच्या वेळी ते मत मागायला सोसायटीत येतील, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा.