शिपायाचे मन आणि साहेबाचा शेरा

लष्करी मनुष्याच्या मनोविकाराचे निदान आणि उपचार ही निव्वळ वैद्यकाची बाब आहे, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश फौजेचा कारभार तपशिलाने पाहू लागले, म्हणजे ती बाब वैद्यकाइतकीच हुकमतीची, मनुष्यबळाच्या हिशेबाची आणि पेन्शनखात्याचीही होती, असे आढळून येते. डॉ. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल-शॉक' या नावाखाली काही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि पुढे सरकारी दप्तरात या एका व्याधीचे दोन वर्ग पडले. शत्रूच्या तोफगोळ्याच्या स्फोटाने ज्याचे भान हरपले तो जखमी ठरला व बाहीवरच्या जखमेच्या पट्टीस आणि पेन्शनीस पात्र झाला. स्फोटावाचून ज्याचे भान हरपले तो केवळ आजारी, आणि त्याच्या वाट्याला यांपैकी काहीच नाही.

हा भेद ठरवावयाचा कोणी? १९१७ च्या उन्हाळ्यात हुकूम निघाला की, आघाडीजवळच्या डॉक्टरांनी अशा रुग्णाच्या कागदावर 'एन. वाय. डी. एन.', म्हणजे 'मज्जाविकार, निदान अद्याप व्हावयाचे आहे', एवढाच शेरा मारावा, आणि 'डब्ल्यू ३४३६' क्रमांकाचा छापील नमुना त्याच्या पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्याकडे पाठवून हा इसम खरोखरच स्फोटाच्या माऱ्यात सापडला होता किंवा कसे, याचा दाखला मागवावा. थरथरत्या हातांचा, वाचा बसलेला शिपाई डॉक्टरच्या समोर बसलेला असावा आणि त्याच्या रोगाचे नाव चिखलाने भरलेल्या खंदकातील एखाद्या मेजराच्या सहीवाचून अडून राहावे, अशी ही व्यवस्था होती. आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याचे भाग्यही सर्वांना लाभले नाही. शेल-शॉकसाठी पाच महिने इस्पितळात काढलेल्या हॅरी फार नामक शिपायाला भेकडपणाच्या आरोपावरून १९१६ च्या ऑक्टोबरात गोळी घालण्यात आली. त्याच्यासह ३०६ जणांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती २००६ साली.

उपचाराच्या बाबतीत दोन नावे नेहमी परस्परविरोधी म्हणून सांगितली जातात. निलगिरीतील तोडा लोकांवर १९०६ मध्ये ग्रंथ लिहिणारे डॉ. रिव्हर्स एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथे अधिकाऱ्यांशी तासन्‌तास बोलत आणि दडपलेल्या स्मृतींना वाट करून देत. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इस्पितळातील डॉ. येलंड यांनी मुक्या झालेल्या एका साध्या शिपायाला अंधाऱ्या खोलीत कोंडून, घशाला विजेचे झटके देत देत, चार तासांत बोलावयास लावले. (अधिकाऱ्याच्या व्याधीला 'न्यूरस्थेनिया' आणि शिपायाच्या व्याधीला 'हिस्टेरिया' म्हणण्याचा जो प्रघात होता, त्यात वैद्यकापेक्षा हुद्द्याचा भाग मोठा असावा, असे मला वाटते.) माणुसकीच्या दृष्टीने या दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे निर्विवाद, तथापि मुक्काम दोघांचाही एकच होता, आणि तो म्हणजे आघाडी. युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढणारा कवी ससून जुलै १९१७ मध्ये रिव्हर्स यांच्याकडे आला आणि नोव्हेंबरात 'लायक' ठरून सेवेवर परतला. रोग्याचे हित आणि सरकारचे काम या दोन तलवारी एका म्यानात राहत नाहीत, हे रिव्हर्स यांच्यासारख्या सुजनालाही चुकविता आले नाही.

हाच पेच आपल्याकडेही आहे. भारतीय सैन्यात आज प्रकृतीची प्रतवारी 'शेप' (SHAPE) या संज्ञेने होते आणि तिचे पहिले इंग्रजी अक्षर मनाचे आहे. जवानाला मनोविकारतज्ज्ञाकडे धाडताना त्याच्या वर्तनाविषयी कमांडिंग ऑफिसरचा अहवाल 'ए. एफ. एम. एस. एफ. १०' या नमुन्यावर सोबत जातो. हा अहवाल मी निरुपयोगी मानीत नाही. रात्रंदिवस सोबत राहणाऱ्यांनी जे पाहिले, ते तज्ज्ञाला अर्ध्या तासात दिसणे शक्य नसते. परंतु साक्ष देणारा जेव्हा बढतीचाही धनी असतो, आणि 'लो मेडिकल', म्हणजे खालच्या प्रतवारीचा, शिक्का हवालदारीच्या आड येऊ शकतो, तेव्हा साताऱ्याकडचा एखादा नाईक विचारपूस होताच 'सब ठीक है, साहब' असे पाठ केलेले उत्तर देऊन मोकळा होतो.

वस्तुतः त्याचे काहीच ठीक नसते. बांधावरून भाऊबंदांनी दावा लावलेला असतो, फेरफाराचा अर्ज तलाठ्याकडे पडून असतो, आणि रजेचे दिवस कचेरीच्या व्हरांड्यात संपतात. गोळी दवाखान्यात मिळते, दुखण्याचे मूळ मात्र सातबाऱ्यावर असते. विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या सैनिकाच्या माघारी दावा चालू नये, यासाठी १९२५ सालापासून कायदा आहे. परंतु तो मनोविकाराच्या चिकित्सेचा भाग आहे, असे कोणी मानीत नाही. जवानाला पडणारी स्वप्ने टिपून घेणाऱ्या डॉक्टरने त्याच्या जमिनीची कैफियतही टिपून जिल्हा सैनिक कार्यालयाकडे धाडावी, यात वैद्यकाला कमीपणा कोणता?

यावर आक्षेप येईल की, ज्याच्या हाती भरलेली बंदूक आहे त्याच्या मनाची खबर वरिष्ठाला असलीच पाहिजे. आक्षेप रास्त आहे. ज्याच्यापासून स्वतःला किंवा इतरांना धोका आहे, अशाची खबर डॉक्टरने तत्काळ द्यावी, याबद्दल दुमत नाही. परंतु बाकीच्यांच्या पहिल्या काही भेटींची नोंद सेवापुस्तकात जाऊ नये, आणि प्रतवारीचा निकाल उपचार करणाऱ्या डॉक्टरने न देता दुसऱ्याने द्यावा, एवढी तजवीज केल्याने वरिष्ठाची खबर घटणार नाही. आजच्या रीतीत ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण ती ज्याच्याजवळ आहे त्याला ती लपविण्यातच आपले हित दिसते.